टेनेसी विरुद्ध गार्नर

टेनेसी विरुद्ध गार्नर हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील एक महत्त्वाचा खटला आहे. २७ मार्च १९८५ रोजीच्या निकालाने पळणाऱ्या संशयितावर गोळी झाडण्याच्या पोलिसांच्या अधिकाराला घटनात्मक मर्यादा घातली.

पार्श्वभूमी

३ ऑक्टोबर १९७४ च्या रात्री मेम्फिस शहरात घरफोडीच्या तक्रारीवरून पोलीस आले. एडवर्ड गार्नर हा १५ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा कुंपणावर चढून पळू लागला. तो निःशस्त्र असावा असे दिसत असूनही पोलिसाने त्याच्या डोक्यात मागून गोळी झाडली. त्याच्याजवळ चोरीची पर्स व दहा डॉलर सापडले. टेनेसीच्या कायद्यानुसार हा गोळीबार वैध होता. त्यामागील इंग्लिश नियम बहुतेक गंभीर गुन्ह्यांना देहदंड असे त्या काळातील होता.

निकाल

वडिलांनी दाखल केलेल्या या दाव्यात न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी ६ विरुद्ध ३ अशा बहुमताचा निकाल लिहिला. त्यानुसार, संशयितापासून पोलिसांना वा इतरांना मृत्यूचा किंवा गंभीर इजेचा धोका आहे असे मानण्यास सबळ कारण असेल, तरच प्राणघातक बळ वापरता येते. शक्य तेथे आधी इशारा देणेही आवश्यक ठरले.

वंशाचा प्रश्न

निकाल चौथ्या घटनादुरुस्तीवर आधारलेला आहे, वंशभेदावर नाही. गोळी झाडणारा पोलीसही कृष्णवर्णीय होता. तथापि जेम्स फाइफ यांच्या १९८२ मधील अभ्यासात, धोका नसलेल्या प्रसंगी मेम्फिसचे पोलीस कृष्णवर्णीयांवर अधिक प्रमाणात गोळ्या झाडत असल्याचे आढळले. जेथे कायदा पोलिसाच्या मर्जीला मोकळीक देतो, तेथे पूर्वग्रहालाही वाव मिळतो.