विंचवाचं औषध आणि प्रोस्टेटची गोळी

काल आमच्या सदाशिव पेठेतल्या मेडिकलमध्ये एका काकांनी विचारलं, "लघवीच्या तक्रारीवर टॅमसुलोसिन दिलंय. भाचा म्हणतो, हे बीपीच्या गोळ्यांच्या घराण्यातलं. खरं का?"

खरंय. आणि घराणं मोठं मजेदार आहे.

१९४८ मध्ये अमेरिकेतल्या रेमंड अल्क्विस्ट यांनी ॲड्रेनलिनसारखी औषधं निरनिराळ्या अवयवांवर लावून पाहिली. कोणतं जास्त जोरकस, याचे क्रम दोनच निघाले. म्हणजे औषध पेशीवर जिथे चिकटतं ते रिसेप्टर दोन: अल्फा आणि बीटा.

पुढे अल्फाचेही दोन झाले. प्राझोसिन हे बीपीचं औषध अगदी थोड्या मात्रेत ज्याला अडवतं तो अल्फा-१. योहिम्बिन ज्याच्यावर भारी तो अल्फा-२. औषध हीच मोजपट्टी!

हेच प्राझोसिन महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर वापरलं. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं. या विषाने शरीरात नॉरॲड्रेनलिनचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. प्राझोसिन अल्फा-१ अडवून वाहिन्या सैल करतं. नॉरॲड्रेनलिनला लगाम घालणाऱ्या अल्फा-२ला मात्र हात लावत नाही. खरी गंमत इथे आहे.

जनुकं सापडल्यावर अल्फा-१चे ए, बी, डी झाले. 'सी' गायब, कारण तो 'ए'च निघाला! प्रोस्टेटमध्ये 'ए' भरपूर, टॅमसुलोसिनचा ओढाही तिकडेच. म्हणून बीपी फारसं उतरत नाही. तरी अंथरुणातून सावकाश उठायचं.

तुमच्या गोळीचं नाव कॉमेंटमध्ये टाका, रिसेप्टर सांगतो. डोस डॉक्टरांनाच विचारा.