देखण्या घोड्याचा जड वारसा

अमेरिकेत 1974 साली 'इम्प्रेसिव्ह' नावाच्या एका घोड्याने क्वार्टर हॉर्स जातीच्या जागतिक प्रदर्शनात विजेतेपद मिळवले. या प्रदर्शनात घोडा धावत नाही की कसरत करत नाही. परीक्षक फक्त त्याची ठेवण पाहतात. 1969 मध्ये जन्मलेल्या या घोड्याची ठेवण होतीच तशी. दगडातून कोरल्यासारखे पिळदार पुठ्ठे, भरदार छाती आणि त्वचेखाली उठून दिसणारा प्रत्येक स्नायू. त्याच्यापासून शिंगरू मिळावे म्हणून घोडीमालकांची रीघ लागली. त्याची नोंदणीकृत शिंगरे दोन हजारांहून अधिक झाली आणि त्यांची संतती देशभर पसरली.

मग काही वर्षांनी पशुवैद्यांकडे विचित्र तक्रारी येऊ लागल्या. धडधाकट दिसणारा घोडा अचानक थरथरतो, घाम फुटतो, मागचे पाय लटपटतात, कधी तो जागीच कोसळतो. काही वेळाने उठून उभा राहतो, जणू काही घडलेच नाही. काही घोडे मात्र पुन्हा उठले नाहीत. वंशावळी तपासल्यावर यातल्या घोड्यांची रेषा एकाच ठिकाणी जाऊन मिळू लागली. ते ठिकाण म्हणजे इम्प्रेसिव्ह.

स्नायूंचे दार उघडे राहते तेव्हा

या आजाराला 'एचवायपीपी' या आद्याक्षरांनी ओळखतात. स्नायूंच्या पेशींवर सोडियमची ये-जा करणारी सूक्ष्म दारे असतात. मेंदूचा आदेश आला की ती क्षणभर उघडतात आणि लगेच बंद होतात. एका जनुकातील बदलामुळे या घोड्यांत ती नीट बंद होत नाहीत. स्नायू विनाकारण उत्तेजित होत राहतात, पेशींतले पोटॅशियम रक्तात उतरते आणि झटका येतो. झटका तीव्र असेल तर श्वसनाचे स्नायू किंवा हृदय निकामी होऊन मृत्यूही येतो. माणसांतही याच जनुकातील दोषामुळे असाच आजार होतो.

हा बदल 1992 मध्ये शोधला गेला आणि चाचणी उपलब्ध झाली. आज केसांच्या मुळांवरूनही ती करता येते. दोष प्रभावी प्रकारचा असल्याने आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आलेली एक सदोष प्रत आजारासाठी पुरेशी असते. अशा घोड्याचा निरोगी घोडीशी संकर केला तर प्रत्येक शिंगराला दोष मिळण्याची शक्यता निम्मी.

इथपर्यंत ही दुर्दैवाची गोष्ट आहे. पुढची गोष्ट निवडीची आहे. सतत उत्तेजित राहणारे स्नायू अधिक पिळदार दिसतात, असे मानले जाते. म्हणजे जो दोष घोड्याला पाडतो, तोच त्याला प्रदर्शनात जिंकून देत असावा. त्यामुळे चाचणी हाती असूनही पैदास थांबली नाही. जातीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने दोन सदोष प्रती असलेल्या शिंगरांची नोंदणी बंद केली, ती 2007 पासून जन्मलेल्या शिंगरांसाठी. चाचणी येऊन तोवर पंधरा वर्षे उलटली होती. एक प्रत असलेल्यांना त्या नियमातही मोकळीक राहिली. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रदर्शनासाठी वाढवलेल्या क्वार्टर घोड्यांपैकी निम्म्याहून अधिक घोड्यांत हा दोष आढळला.

रंगासाठी, चेहऱ्यासाठी

हे एकट्या इम्प्रेसिव्हचे प्रकरण नाही. 'पेंट' जातीत अंगावर पांढरे मोठे ठिपके असलेल्या घोड्यांना मागणी असते. त्यांतल्या एका विशिष्ट ठिपकेदारपणामागे असे जनुक आहे की त्याची एक प्रत असली तर सुंदर रंग मिळतो आणि दोन प्रती आल्या तर मृत्यू. गर्भात त्वचेला रंग देणाऱ्या पेशी आणि आतड्यांतील चेतापेशी एकाच मूळ पेशीसमूहातून तयार होतात. दोन प्रती मिळालेले शिंगरू जवळजवळ संपूर्ण पांढरे जन्मते, पण त्याच्या आतड्यांत हालचाल घडवणाऱ्या चेतापेशीच नसतात. दूध पोटात जाते, पुढे सरकत नाही. पोटशूळाने तडफडत ते एक-दोन दिवसांत मरते, किंवा त्याला दयामरण द्यावे लागते. दोन वाहक घोड्यांचा संकर केला तर चारात एक शिंगरू असे जन्मण्याची शक्यता असते. हे जनुक 1998 पासून माहीत आहे आणि चाचणी सहज मिळते.

अरबी घोड्यांत रोगप्रतिकारशक्तीच विकसित न होण्याचा आनुवंशिक आजार आहे. शिंगरू जन्मतः ठणठणीत दिसते. आईच्या चिकातून मिळालेल्या प्रतिपिंडांवर काही आठवडे निभावते. ती संपली की साध्या संसर्गानेही ते दगावते. पाच-सहा महिन्यांपलीकडे सहसा कोणी जगत नाही. याचीही चाचणी 1997 पासून आहे. दोष दोन्ही पालकांकडून आला तरच आजार होतो. त्यामुळे वाहक घोडाही पैदाशीतून बाद करण्याची गरज नसते. त्याची जोडी निरोगी घोडीशी लावली की एकही शिंगरू आजारी जन्मत नाही. जबाबदार पैदास म्हणजे काय, याचे हे सरळ उदाहरण.

चेहऱ्याची हौसही तशीच. अरबी घोड्याच्या नाकाडावरचा हलका खोलगट बाक ही त्या जातीची शान. 2017 मध्ये अमेरिकेतील एका शिंगराची चित्रफीत जगभर फिरली. त्याचा चेहरा इतका आत वळलेला होता की पशुवैद्यांनी उघडपणे चिंता व्यक्त केली. शिंगराला त्रास नसल्याचे मालकांचे म्हणणे होते. पण प्रश्न एका शिंगरापुरता नव्हता. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, त्याचा सगळा श्वास नाकावाटे चालतो. अशा प्राण्यात नाकाडाचा आकार पिढ्यान्‌पिढ्या टोकाला नेला तर नाकातली वाट अरुंद होत जाण्याचा धोका राहतो.

नको असलेले घोडे

एवढे निवडून निवडून जन्माला घातलेले सगळेच घोडे विजेते होत नाहीत. घोडी अकरा महिन्यांनी एक शिंगरू देते आणि ते पंचवीस-तीस वर्षे जगू शकते. पाचशे किलोच्या घोड्याला रोज आठ-दहा किलो सुका चारा लागतो. सहा ते आठ आठवड्यांनी खुरे कापावी लागतात, दात तपासावे लागतात, लसी द्याव्या लागतात. शर्यतीत मागे पडलेला, रंगाने फसलेला किंवा लंगडा झालेला घोडा मालकाला परवडेनासा होतो. मग तो लिलावात जातो.

अमेरिकेतील घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने 2007 मध्ये बंद झाले, पण नको असलेल्या घोड्यांचा जन्म बंद झाला नाही. तेथील सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाच्या 2011 च्या अहवालानुसार 2010 मध्ये सुमारे 1 लाख 38 हजार घोडे कत्तलीसाठी कॅनडा आणि मेक्सिकोला पाठवले गेले. देशात कत्तलखाने चालू असताना साधारण तेवढेच घोडे मारले जात. कत्तल थांबली नव्हती, फक्त प्रवास लांबला होता. पुढे ही निर्यात बरीच घटली. त्यात आरोग्याच्या कारणाचाही वाटा होता. घोड्यांना सर्रास दिल्या जाणाऱ्या फेनिलब्युटाझोनसारख्या वेदनाशामकांचे अंश मांसात राहणे माणसांसाठी धोक्याचे असते. औषधांच्या नोंदींवर भरवसा नसल्याने युरोपीय संघाने 2015 पासून मेक्सिकोतून येणारे घोड्याचे मांस बंद केले.

सुटकेचा बाजार

याच वाटेवर 'सुटके'चा एक नवा धंदा उभा राहिला. कत्तलीसाठी घोडे गोळा करणाऱ्या व्यापाऱ्याच्या आवारातून एखाद्या घोड्याचे केविलवाणे छायाचित्र समाजमाध्यमांवर येते. सोबत मजकूर असतो, 'शुक्रवारी ट्रक निघणार, तोपर्यंत पैसे भरा, नाहीतर हा मरणार.' हळवी माणसे पैसे पाठवतात. मागितलेली रक्कम अनेकदा मांसाच्या भावापेक्षा कितीतरी जास्त असते.

इथे अर्थशास्त्राचा साधा नियम काम करतो. व्यापाऱ्याला एका घोड्याची चढी किंमत मिळाली की त्या पैशांत तो पुढच्या लिलावातून आणखी घोडे आणतो. कत्तलखान्याशी झालेला पुरवठ्याचा करार त्याला पाळायचाच असतो. त्यामुळे एकाची जागा दुसरा घेतो. छायाचित्रातला घोडा वाचतो, पण त्या ट्रकमधल्या जागा रिकाम्या राहतीलच असे नाही. काही वेळा तर तो घोडा कत्तलीला जाणारच नव्हता, लिलावात कोणीही सवारीसाठी घेतला असता, असेही निघते.

दुसरा धोका रोगाचा. अशा आवारात ठिकठिकाणचे घोडे एकत्र येतात. 'स्ट्रँगल्स' हा जिवाणूजन्य आजार तिथे हमखास पसरतो. जबड्याखालच्या गाठी सुजून त्यांत पू होतो, ताप येतो, गिळता येत नाही. बरे झालेले काही घोडे घशाजवळच्या पोकळीत जिवाणू महिनोन्‌महिने बाळगतात आणि वरून निरोगी दिसतात. असा घोडा दयेपोटी थेट घरच्या तबेल्यात आणला, तर आधीचे घोडेही आजारी पडतात. म्हणून नव्या घोड्याला किमान तीन आठवडे वेगळे ठेवावे, त्याची भांडी, खरारा, दोर वेगळे असावेत, असे पशुवैद्य सांगतात.

आणि तिसरा धोका खुद्द त्या 'आश्रमा'चा. घोडे आणणे सोपे, पोसणे अवघड. क्षमतेपेक्षा जास्त जनावरे गोळा करणारी जागा हळूहळू उपासमारीची जागा होते. काही ठिकाणी नर खच्ची केले जात नाहीत, घोड्या गाभण राहतात आणि सुटकेच्या नावाखाली नवी शिंगरे जन्मतात. मूळ दुखणे तिथेच पुन्हा सुरू होते.

दयेलाही शास्त्र लागते

हाडे वर आलेल्या घोड्यापुढे धान्याची पाटी ठेवावी, ही सहज भावना. पण तीच जीवघेणी ठरू शकते. दीर्घकाळ उपाशी घोड्याने अचानक पिष्टमय खुराक खाल्ला की रक्तात इन्सुलिन वाढते, फॉस्फरस आणि मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत ओढले जातात आणि काही दिवसांतच हृदय व श्वसन बंद पडू शकते. कॅलिफोर्नियातील संशोधनातून निघालेला मार्ग असा, की सुरुवातीला वाळलेला लसूणघास थोडा थोडा, दिवसातून अनेकदा द्यायचा आणि दहा दिवसांत प्रमाण हळूहळू वाढवायचे. लसूणघासात पिष्ट कमी आणि प्रथिने, मॅग्नेशियम, फॉस्फरस पुरेसे असते.

पण हाच लसूणघास पोटॅशियमने भरलेला असतो. उपाशी घोडा एचवायपीपीचा रुग्ण असेल तर त्याच औषधी चाऱ्याने झटका येऊ शकतो. वंशावळीचे कागद हरवलेला, नाव-गाव नसलेला घोडा वाचवणाऱ्याच्या हाती येतो तेव्हा पैदास करणाऱ्याने लपवलेली गोष्ट अशी अंगावर येते.

आपल्याकडे

भारतातील चित्र वेगळे आहे. 2012 च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टे सव्वासहा लाखांच्या आसपास होती. 2019 मध्ये ती सुमारे 3 लाख 40 हजारांवर आली. संख्या घटते तसा पैदाशीचा साठाही आखडतो आणि जवळच्या नात्यातले संकर वाढण्याची भीती असते. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे रंग, कानांची ठेवण, देवमणासारखे भोवरे पाहून लाखांची बोली लागते. भोवरे बघायला कोणाची हरकत नाही. पण त्याच नजरेने आई-बाप कोण, त्यांचे आपसात नाते काय, आधीच्या शिंगरांचे काय झाले, हेही विचारले पाहिजे.

दुसरी खबरदारी ग्लँडर्सची. हा जिवाणूजन्य आजार घोड्यांकडून माणसाला होऊ शकतो. नाकातून चिकट स्राव, अंगावर गाठी आणि व्रण ही त्याची लक्षणे. आजार निश्चित झालेल्या जनावराला कायद्यानुसार दयामरण द्यावे लागते आणि मालकाला भरपाई मिळते. लग्नाच्या वरातीतून, टांग्यातून किंवा माथेरानसारख्या ठिकाणच्या कामातून निवृत्त झालेला घोडा कोणी सांभाळायला घेत असेल, तर आधी शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात रक्ततपासणीची चौकशी करावी.

पैसे देण्यापूर्वी

घोड्यांसाठी देणगी मागणाऱ्या कोणत्याही संस्थेला काही प्रश्न जरूर विचारा. घोडे किती आहेत आणि सांभाळण्याची क्षमता किती? नर खच्ची केले जातात का? नव्या घोड्याला वेगळे ठेवायला जागा आहे का? पशुवैद्य कोण, नोंदी दाखवता येतील का? दत्तक दिलेल्या घोड्याची पैदास करणार नाही, असे लेखी घेतले जाते का? घोडे कोणाकडून आणि कितीला आणले? प्रत्यक्ष भेट देऊ देतात का? चांगल्या संस्था या प्रश्नांनी रागावत नाहीत. उत्तराऐवजी फक्त 'आजच पैसे पाठवा' अशी घाई असेल तर थांबावे.

शिंगरू विकत घेणाऱ्यानेही चाचणीचा कागद मागावा. केसांच्या मुळांची एक तपासणी घोड्याच्या किमतीपुढे काहीच नाही. चाचणी मागणारे गिऱ्हाईक वाढले तर पैदास करणाऱ्यालाही ती करावी लागेल. मग लिलावात उभे राहणारे आणि ट्रकची वाट पाहणारे घोडे मुळातच कमी जन्मतील.