बसचा रंग काय सांगतो?

मंडळी, सुरुवातीला एक प्रश्न विचारतो. फाट्यावर उभे आहात, लांबून बस येतेय. पाटी अजून वाचता येत नाही. तरी तुम्ही हात करायचा की नाही हे ठरवता. कशावरून? रंगावरून. आजचा विषय तोच आहे. आपण रंगाला सजावट समजतो. पण प्रवाशासाठी ती माहिती असते, आणि एका अर्थी वचनसुद्धा.

ही गोष्ट जुनी आहे. लंडनमध्ये घोड्यांच्या बस होत्या, तेव्हा कुठली बस कुठल्या मार्गाची हे रंगावरून ओळखायचे. मार्गांना क्रमांक द्यायची सुरुवात १९०६ मध्ये झाली. तिथल्या सगळ्यात मोठ्या कंपनीने १९०७ च्या सुमारास आपल्या बस लाल केल्या. म्हणजे मार्ग सांगायचं काम आकड्याकडे गेलं आणि 'ही बस कोणाची' हे सांगायचं काम रंगाकडे आलं.

आता आपल्याकडे या. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला एसटीची पहिली बस निघाली. ती लाल नव्हती बरं का, निळी आणि चंदेरी होती. लाल रंग नंतर आला आणि असा रुजला की लोकांनी तिला 'लालपरी' नाव दिलं. लाल म्हणजे काय? साधं भाडं, आणि गावोगावी थांबणारी गाडी.

पुढे १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. तिथे वापरलेल्या काही बस एसटीने घेतल्या आणि दादर-पुणे मार्गावर लावल्या. लोक त्यांना 'एशियाड' म्हणू लागले. स्पर्धा विसरल्या गेल्या, नाव मात्र राहिलं. 'एशियाड आहे का?' असं विचारणाऱ्याला खेळाशी देणंघेणं नव्हतं. त्याला थोडे थांबे आणि बरी आसनं हवी होती, त्यासाठी जास्त भाडं द्यायची तयारी होती. हिरव्या-पांढऱ्या 'हिरकणी'चा अर्थ तोच. दादर-पुणे म्हटलं की 'शिवनेरी' म्हणजे वातानुकूलित, हेही कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मग अडचण कुठे येते? दोन वेगळ्या सेवा लांबून सारख्या दिसल्या, की येते.

याचं चांगलं उदाहरण तामिळनाडूत सापडतं. मे २०२१ मध्ये तिथे साध्या भाड्याच्या शहरी बसमध्ये महिलांना मोफत प्रवास मिळाला. सवलत फक्त त्याच बसना. पण त्याच रस्त्यावर जास्त भाड्याच्या बसही धावतात. मोफत कुठली, हे थांब्यावर उभ्या बाईला लांबून कसं कळणार? पाटी वाचेपर्यंत बस पुढे निघून जायची. शेवटी ऑगस्ट २०२२ मध्ये चेन्नईत अशा बसचा पुढचा आणि मागचा भाग गुलाबी रंगवायला सुरुवात झाली. नियम तोच राहिला, फक्त तो लांबून दिसायला लागला.

महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पण ते सर्व प्रकारच्या बसना लागू आहे. त्यामुळे सवलतीसाठी रंग ओळखायची गरजच पडली नाही. म्हणजे बघा, नियम सरळ असला की रंगावरचं ओझं कमी होतं. नियमात फाटे फुटले की तेच ओझं रंगाला उचलावं लागतं.

म्हणून नवा रंग निवडताना 'छान दिसतो का?' हा प्रश्न दुसरा असावा. पहिला प्रश्न असा: ज्याला वाचता येत नाही, ज्याची नजर अधू आहे, ज्याच्या खिशात मोजकेच पैसे आहेत, त्याला शंभर पावलांवरून कळेल का, की ही बस आपली आहे?

त्याने हात केला, बस थांबली, आणि आत चढल्यावर भाडं ऐकून त्याला खाली उतरावं लागलं, तर चूक त्याची नाही. रंगाने दिलेलं वचन आपण मोडलं, असं समजायचं.