मृगाचा किडा आणि कॅमेरा

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या भागात जूनचा पहिला पाऊस पडला, की माळावर लाल मखमली किडे दिसू लागतात. मराठीत त्यांना मृगाचे किडे म्हणतात. उर्दूत त्यांचे नाव बीरबहूटी. नावात किडा असला, तरी त्याला पाय आठ असतात; म्हणून तो कोळ्याच्या नात्यातला.

डाळिंबाच्या दाण्याएवढ्या या जिवाचा फोटो अगदी जवळून घेतला, तर पुढचे पाय स्पष्ट येतात आणि पाठ धूसर दिसते. पाठीवर फोकस केला, तर पाय धूसर होतात. असे का होते? भिंग वस्तूच्या जितके जवळ न्यावे, तितका स्पष्ट दिसणारा थर पातळ होतो. कधी तो जेमतेम १ मिलिमीटर उरतो. भिंगाचे छिद्र लहान केले, की हा थर वाढतो. पण छिद्र फारच लहान केले, तर प्रकाशाचे विवर्तन होते आणि सगळेच चित्र अस्पष्ट होते.

यावर ‘फोकस स्टॅकिंग’ हा उपाय आहे. स्टॅक म्हणजे चळत. कॅमेरा स्टँडवर पक्का बसवतात. फोकस थोडाथोडा मागे नेत दहा, वीस, कधी शंभर फोटो काढतात. फोकस बदलला, की वस्तूचा आकारही किंचित लहानमोठा दिसतो. म्हणून हेलिकॉन फोकस किंवा फोटोशॉप यांसारखे सॉफ्टवेअर आधी सगळे फोटो एकमेकांवर नेमके बसवते. मग कोणता भाग कोणत्या फोटोत सर्वांत स्पष्ट आहे ते तपासून तेवढाच उचलते. पाय पहिल्या फोटोतले, पाठ दहाव्यातली! मधला एखादा थर फोटोंतून सुटला, तर तेथे धूसर पट्टा राहतो.

अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. तेथील भिंतींवर खोल कोरीव काम आहे. स्टँड लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते खरी. पण दगडातली मूर्ती हलत नाही. शंभर फोटो घेतले, तरी तिचा हात जागच्या जागी. मृगाचा किडा मात्र सारखा चालतो. दोन फोटोंमध्ये तो जरासा सरकला, तरी चित्रात आठांऐवजी बारा पाय दिसतात. म्हणून काही जण किडे मारून त्यांचे फोटो घेतात. एका चित्रासाठी जीव घेणे मला पटत नाही. काही नवे कॅमेरे स्वतःच फोकस बदलत एका सेकंदात अनेक फोटो घेतात. किडा क्षणभर थांबला, की तेवढ्यात काम होते. नाही थांबला, तर पुन्हा चिखलात गुडघे टेकून वाट पाहायची.