वेगाआधी अचूकता : संगणकाच्या मेमरीची परीक्षा

डेस्कटॉप संगणकासाठी घेतलेल्या मेमरीच्या खोक्यावर ‘३६००’ किंवा ‘६०००’ असा आकडा ठळकपणे छापलेला असतो आणि तो त्या वस्तूचा अंगभूत वेग आहे, असा बहुतेक खरेदीदारांचा समज असतो. वास्तविक हा उत्पादकाने केलेला दावा असतो. एखाद्या विशिष्ट मदरबोर्डवर, विशिष्ट प्रोसेसरसोबत आणि विशिष्ट तापमानात तो टिकतो की नाही, हे तपासल्याखेरीज ठरत नाही. मेमरीची मानके ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेने २०१२ मध्ये डीडीआर ४ चे आणि २०२० मध्ये डीडीआर ५ चे मानक प्रसिद्ध केले. त्यांत डीडीआर ४ साठी १.२ व्होल्ट आणि डीडीआर ५ साठी १.१ व्होल्ट एवढा विद्युतदाब नेमून दिलेला आहे. या मानकांच्या किंवा प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीने हमी दिलेल्या मर्यादेपलीकडे मेमरी चालवणे म्हणजे तिचे ओव्हरक्लॉकिंग होय. उत्पादक असे वाढीव वेगाचे आराखडे मेमरीच्या पट्टीवरील एका छोट्या चिपमध्ये नोंदवून ठेवतात. इंटेलने २००७ मध्ये आणलेली एक्सएमपी आणि एएमडीने २०२२ मध्ये आणलेली एक्स्पो ही अशा आराखड्यांची दोन प्रचलित रूपे आहेत. बायोसमध्ये जाऊन तो आराखडा चालू केला नाही, तर ‘६०००’ लिहिलेली मेमरी बहुधा ४८०० च्या आसपासच चालत राहते आणि मालकाला त्याची वर्षानुवर्षे कल्पना नसते.

या मर्यादा कोठून येतात, हे समजण्यासाठी मेमरीची रचना पाहावी लागते. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तिच्यात एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा सूक्ष्म घटक, मिळून माहितीचा एक बिट धरून ठेवतात. आजची मेमरीही मूलतः याच तत्त्वावर चालते. हा भार सतत झिरपत असल्यामुळे तो ठरावीक काळाने पुन्हा भरावा लागतो. या क्रियेला रिफ्रेश म्हणतात, आणि डीडीआर ४ मध्ये सर्वसाधारण तापमानाला प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा ताजी करावी लागते. बिट ओळी आणि स्तंभ यांच्या जाळ्यात मांडलेले असतात. दप्तरखान्यातून आधी योग्य वही काढून उघडावी, मग तिच्यातील नोंद वाचावी आणि दुसरी वही हवी असल्यास पहिली मिटून ठेवावी, तसाच क्रम येथे पाळला जातो. ओळ उघडणे, स्तंभ वाचणे आणि ओळ मिटणे यांसाठी लागणाऱ्या घड्याळी ठोक्यांच्या संख्यांना टायमिंग म्हणतात, आणि वाचनाची आज्ञा दिल्यापासून माहिती हाती येईपर्यंतच्या ठोक्यांच्या संख्येला सीएल असे नाव आहे.

सीएलचा आकडा ठोक्यांचा असतो, वेळेचा नसतो, ही बाब खरेदीच्या वेळी हमखास निसटते. डीडीआर मेमरी प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती पाठवते, म्हणून ‘६०००’ मेमरीचे घड्याळ ३००० मेगाहर्ट्झवर चालते. त्या हिशेबाने सीएल १६ असलेली ३२०० मेमरी आणि सीएल ३० असलेली ६००० मेमरी या दोन्हींना पहिला प्रतिसाद द्यायला सारखेच १० नॅनोसेकंद लागतात, तर सीएल ४० असलेल्या ४८०० मेमरीला जवळजवळ १६.७ नॅनोसेकंद लागतात. एका वेळी वाहून नेल्या जाणाऱ्या माहितीचे प्रमाण मात्र वेगळेच सांगते : ३२०० मेमरीची एक वाहिनी सेकंदाला २५.६ गिगाबाइट नेऊ शकते, तर ६००० मेमरीची एक पट्टी ४८ गिगाबाइट. तेव्हा ‘जलद मेमरी’ या शब्दांत वहनक्षमता आणि विलंब असे दोन स्वतंत्र गुण दडलेले आहेत, आणि कोणतीही प्रामाणिक चाचणी ते वेगवेगळे मोजते. वहनक्षमतेसाठी जॉन मॅककॅल्पिन यांनी तयार केलेली स्ट्रीम ही चाचणी अनेक वर्षे वापरात आहे. ती मोठमोठ्या संख्यामालिकांची नक्कल, गुणाकार आणि बेरीज करून मेमरीवर सलग भार टाकते. विलंबाच्या चाचणीत प्रोसेसरला मेमरीभर विस्कळीत उड्या मारायला लावतात. प्रोसेसरपासून मेमरीपर्यंतचा सगळा प्रवास धरता हा विलंब आजच्या डेस्कटॉपवर साधारणतः ६० ते ९० नॅनोसेकंद भरतो, आणि ५ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ७० नॅनोसेकंदांत ३५० ठोके वाट पाहत घालवतो.

चाचणीतील वाढ रोजच्या कामात तेवढीच उतरेल, अशी अपेक्षा धरणे चुकीचे आहे. वारंवार लागणारी माहिती प्रोसेसरच्या आतील कॅशमध्ये राहत असल्यामुळे पत्रलेखन, हिशेब किंवा वेबपाने वाचणे यांत फरक जाणवत नाही. फायली आकुंचित करणे, काही खेळ आणि वैज्ञानिक आकडेमोड यांत तो दिसतो. ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते आणि चित्रे उमटवण्याचे कामही मुख्य मेमरीवरच चालते, तेथे तर तो फार मोठा असतो. अशा संगणकात एकाच मोठ्या पट्टीऐवजी तेवढ्याच एकूण क्षमतेच्या दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवून दोन्ही वाहिन्या वापरात आणणे हा ओव्हरक्लॉकिंगपेक्षा अधिक लाभाचा आणि निर्धोक उपाय आहे.

वेग मोजण्यापूर्वी मात्र अचूकतेची परीक्षा व्हायला हवी, आणि नेमका हाच टप्पा उत्साहाच्या भरात गाळला जातो. द्रव नायट्रोजनने थंड करून डीडीआर ५ मेमरी दहा हजारांपलीकडे नेल्याचे विक्रम झाले आहेत, परंतु ते त्या वेगाला संगणक क्षणभर चालू राहिल्याची नोंद करतात; त्या वेगाने तासन्तास बिनचूक काम होईल, असे त्यांतून सिद्ध होत नाही. मेमरीची चूक नेहमी संगणक बंद पाडून स्वतःची वर्दी देते असेही नाही. नक्कल होत असलेल्या छायाचित्राचा एक बिट उलटला, तर फाईल बिघडलेल्या रूपातच डिस्कवर उतरते आणि कित्येक महिन्यांनी उघडेपर्यंत कोणालाही कळत नाही. म्हणूनच चाचणीच्या काळात महत्त्वाची माहिती असलेली डिस्क संगणकापासून वेगळी ठेवणे शहाणपणाचे ठरते.

मेमटेस्ट ८६ हा प्रोग्राम कार्यप्रणाली सुरू होण्याआधीच पेन ड्राइव्हवरून चालतो, त्यामुळे जवळजवळ संपूर्ण मेमरी त्याच्या हाती येते. तो ठरावीक नमुने लिहितो, वाचतो, उलटे करून पुन्हा लिहितो. शिवाय एकाच ओळीला अतिशय वेगाने वारंवार उघडून शेजारच्या ओळीतील बिट उलटतात का, हेही पाहतो. रोहॅमर नावाने ओळखला जाणारा हा दोष कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये सविस्तर मांडला होता. परंतु या चाचणीत ग्राफिक्स कार्ड निवांत असते आणि कॅबिनेट तापत नाही, म्हणून तिच्यानंतर विंडोजमध्ये टेस्टमेम ५ सारखी चाचणी काही तास चालवावी लागते. प्रत्येक वेळी एकच मूल्य बदलावे, नाहीतर चूक कोणत्या बदलाने उद्भवली हे शोधणे अशक्य होते. संगणक सुरू होताना मदरबोर्ड मेमरीशी असलेल्या जोडणीचे सूक्ष्म समायोजन नव्याने करू शकतो. त्यामुळे एकदा उत्तीर्ण झालेली मांडणी संगणक पूर्ण बंद करून, थंड होऊ देऊन पुन्हा तपासणे आवश्यक असते.

उष्णतेचा प्रश्न महाराष्ट्रात विशेष गंभीर आहे. तापमान वाढले की कपॅसिटरमधील भार अधिक वेगाने झिरपतो, आणि म्हणूनच मानकांनुसार ८५ अंश सेल्सिअसपुढे रिफ्रेश दुप्पट वेळा करावे लागते. विलंब कमी करण्यासाठी अनेक जण दोन रिफ्रेशमधील अंतर कित्येक पटींनी वाढवतात. हा उपाय परिणामकारक आहे, पण डिसेंबरच्या रात्री निर्दोष ठरलेली अशी मांडणी नागपूरच्या मे महिन्यात, वातानुकूलन नसलेल्या खोलीत, चुका करू लागण्याची शक्यता बरीच असते. विद्युतदाबाची जोखीम याहून वेगळी आहे. मेमरीचे नियंत्रण करणारा भाग आज प्रोसेसरच्या आतच असतो, त्यामुळे मेमरीसाठी वाढवलेल्या दाबाची किंमत प्रोसेसरला मोजावी लागू शकते. २०२३ मध्ये रायझन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर जळाल्यानंतर एएमडीने बायोसच्या नव्या आवृत्त्यांद्वारे या भागाचा दाब १.३ व्होल्टपर्यंत मर्यादित केला. एकाच नावाच्या दोन प्रोसेसरांतील नियंत्रकांची कुवतही सारखी नसते, आणि म्हणून दुसऱ्याच्या संगणकावर यशस्वी झालेले आकडे जसेच्या तसे उतरवणे धोक्याचे असते.

डीडीआर ५ च्या चिपमध्ये चूक दुरुस्त करण्याची अंतर्गत सोय असते, तिच्यामुळे हे सारे अनावश्यक झाले असा एक गैरसमज पसरलेला आहे. ही सोय चिपच्या आत साठवलेल्या माहितीतील एकेका बिटाची चूक सुधारते. चिप आणि प्रोसेसर यांच्यामधील तारांवर, म्हणजे वाढीव वेगाचा ताण सर्वाधिक पडतो तेथे, तिचा काहीही उपयोग होत नाही. त्या संपूर्ण मार्गाचे संरक्षण करणाऱ्या ईसीसी मेमरीच्या पट्टीवर दुरुस्तीच्या बिटांसाठी जास्तीची साठवण असते आणि तिला प्रोसेसर व मदरबोर्ड दोघांचाही पाठिंबा लागतो. ज्यांच्या संगणकावर लेखापरीक्षण, संशोधनाची आकडेमोड किंवा इतरांच्या नोंदी सांभाळल्या जातात, त्यांनी वाढीव वेगाच्या पट्ट्यांऐवजी याच मेमरीवर खर्च करणे योग्य होईल.