पाटीपूजन आणि पालकांचे कर्तव्य

विजयादशमीच्या मंगलदिनी पाटीवर सरस्वती रेखून तिचे पूजन करणारी कित्येक हिंदू बालके कॅथॉलिक शाळांत विद्यार्जन करतात. तेथे आपल्या धर्मसंस्कारांचे काय होईल, ही माता-पित्यांची चिंता स्वाभाविक होय. परंतु राज्यघटनेच्या कलम २८(३) अन्वये शासनमान्य वा अनुदानित शाळेस पालकांच्या संमतीवाचून अल्पवयीन विद्यार्थ्यावर धार्मिक शिक्षण वा उपासना लादता येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रानेही मुलांचे आद्य व प्रमुख शिक्षक म्हणून आई-वडिलांनाच मान दिला आहे. तेव्हा शंका आल्यास शिक्षकांशी विनयाने, मोकळेपणी बोलावे. आणि तिन्हीसांजेला मुलांसमवेत शुभंकरोती म्हणण्यास स्वतः वेळ काढावा. विद्या शाळेने द्यावी; देवघरातील समईत तेल मात्र आपणच घालावयाचे आहे.