मोटर हवेत, बोट वाऱ्यावर!

बोट घेतली, मोटर घेतली, गळही घेतले. पण मोटरचा दांडा किती लांब हवा, हे मोजलंत का? मिनेसोटाच्या लेकवर, बाबांच्या साक्षीने शिकलेला एक धडा!

शुक्रवारची संध्याकाळ झाली की मिनियापोलिसच्या हायवेवर एक मस्त सीन दिसतो. ऑफिसातून सुटलेली जनता, गाडीच्या मागे ट्रेलर, ट्रेलरवर बोट आणि सगळ्यांची तोंडं उत्तरेकडे! पुण्यात लाँग वीकेंडला लोणावळ्याच्या दिशेने जशी रांग लागते ना, तशीच. फरक इतकाच, की इथे पॉइंट बघायला नाही, मासे पकडायला जातात. मिनेसोटाच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरही ‘दहा हजार तळी’ असं लिहिलेलं असतं. आणि हा नम्रपणा आहे बरं का! दहा एकरांहून मोठी तळीच मोजली तर आकडा ११,८४२ वर जातो.

अशा गावात तीन मराठी आयटीवाले एका फ्लॅटमध्ये राहात असतील तर काय होणार? एक चिपळूणचा, एक नागपूरचा आणि तिसरा मी, दाभोळचा. पहिल्या वर्षी किनाऱ्यावरून गळ टाकले. दुसऱ्या वर्षी कॉन्ट्री काढून १६ फुटी सेकंडहँड अॅल्युमिनियमची बोट घेतली. मागे पेट्रोलचं इंजिन होतंच. आता पुढे हवी होती ट्रोलिंग मोटर.

ट्रोलिंग म्हणजे ‘ते’ नव्हे!

इंटरनेटवरच्या ट्रोलिंगशी हिचा काहीएक संबंध नाही. बोट हळूहळू चालवत मागे आमिष ओढत न्यायचं, याला ट्रोलिंग म्हणतात. पेट्रोलचं इंजिन या कामाला नको असतं. आवाज फार आणि स्पीडही फार. म्हणून बॅटरीवर चालणारी छोटी मोटर लावायची. वर डोकं, मधे लांब दांडा म्हणजेच शाफ्ट, आणि खाली पाण्यात मोटर अन् पंखा. आवाज जवळपास नाहीच. मासा बिनधास्त, आपणही बिनधास्त.

गंमत म्हणजे हे प्रकरण वाढलं याच भागात. १९३४ साली शेजारच्या नॉर्थ डकोटामधल्या फार्गो गावात ओ. जी. श्मिट नावाच्या गृहस्थांनी फोर्डच्या मॉडेल ए गाडीची स्टार्टर मोटर काढली, तिला दांडा आणि पंखा जोडला आणि बोटीला लावली. त्यातून जी कंपनी उभी राहिली तिचं नाव मिन कोटा. मिनेसोटातलं मिन आणि डकोटातलं कोटा!

आमचा फंडा काय होता? पॉवर बघायची आणि किंमत बघायची. पॉवरचा साधा हिशेब आम्हाला माहीत होता. माणसं-सामानासकट बोटीच्या दर १०० पौंड वजनामागे किमान दोन पौंड थ्रस्ट. आमचं भरलेलं वजन साधारण २,००० पौंड, म्हणजे ४० पौंड थ्रस्ट पुरे. सेलमध्ये ५५ पौंडांची मोटर मिळाली, रिमोटसकट! शाफ्ट ४२ इंची. ‘बेचाळीस म्हणजे साडेतीन फूट, बास झाला की,’ असं म्हणून कार्ड स्वाइप केलं. टेप कोणीच काढली नाही.

आणि खरं सांगायचं तर पहिले चार वीकेंड मोटर झकास चालली. दोघं पुढे उभे, एक मागे, लेक शांत. सॉलिड!

त्या दिवशी काय झालं?

जूनमध्ये आई-बाबा आले. आईने पाण्यात उतरायला सपशेल नकार दिला, बाबा मात्र एका पायावर तयार. त्यांच्यासाठी तीन दिवसांचं नॉन-रेसिडेंट फिशिंग लायसन्स काढलं, नवीन लाइफ जॅकेट घेतलं आणि गेलो मिल लॅक्सला. मिनियापोलिसपासून दीड-पावणेदोन तासांवर, सव्वापाचशे चौरस किलोमीटरहून मोठं लेक. पण खोली जास्तीत जास्त ४२ फूट. इतक्या पसरट आणि उथळ पाण्यावर वारा सुटला की लाटा बघता बघता उठतात.

बाबा बहात्तर वर्षांचे. त्यांना मागच्या, आरामशीर सीटवर बसवलं. मोटर रिमोटवर चालते, पुढे उभं राहायची गरजच काय? म्हणून आम्ही तिघंही मागेच, त्यांच्याभोवती. गप्पा, चहाचा थर्मास, चकल्या. बाबांनी एकदा पुढे बघितलं आणि म्हणाले, “अरे, नाळ फार हलकी झालीय.”

नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक. मी म्हटलं, “बाबा, ही काय आपली होडी आहे का? तुम्ही गळाकडे बघा.”

अर्ध्या तासात वारा फिरला. पुढचं टोक लाटेवर उचललं गेलं आणि मोटरचा आवाज बदलला. आधी गुरगुर, मग मिक्सर रिकामा फिरवल्यासारखी घरघर. पंखा चक्क हवेत! टोक खाली आलं की दोन सेकंद पकड, पुढच्या लाटेला पुन्हा हवेत. वर उचललेल्या टोकाला वाऱ्याने ढकललं आणि बोट आडवी झाली. लाटा आता बाजूने आपटायला लागल्या. पन्नासेक फुटांवर दगडांची रांग. चिपळूणकर मागच्या इंजिनची दोरी ओढतोय, एकदा, दोनदा, पाचदा... बाबांनी एका हाताने सीट धरली होती आणि दुसऱ्या हाताने माझं जॅकेट.

सहाव्यांदा दोरी ओढल्यावर इंजिन सुरू झालं. दगड राहिले बाजूला. धक्क्यावर येईपर्यंत कोणी काही बोललं नाही.

बोट बांधल्यावर बाबा शांतपणे म्हणाले, “आमच्याकडे खाडीत तरीवाला आधी माणसं कुठे बसवायची ते ठरवायचा. मग वल्हं हातात घ्यायचा.” मग थोडं थांबून, “ती तुमची मोटर पाण्याखाली किती असते, ते मोजलंय का?”

पाच वर्षं कोडिंग करून प्रत्येक गोष्टीचं टेस्टिंग करणारे आम्ही तिघं. एकाकडेही उत्तर नव्हतं.

आता जरा हिशेब

त्याच धक्क्यावर, टेप उसनी आणून मोजलं. दोघं पुढे आणि एक मागे बसल्यावर पुढच्या डेकपासून पाण्यापर्यंत २४ इंच. सगळे मागे बसल्यावर? २९ इंच! नुसत्या बसण्याच्या जागा बदलल्या आणि पाच इंचांचा फरक.

शाफ्टचा हिशेब अगदी सोपा आहे. मोटर जिथे बसवणार तिथपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. त्यात २० इंच मिळवा. मोटर पाण्याखाली फूटभर बुडालेली हवी, आणि थोडा शाफ्ट वर माउंटमध्येही जातो, म्हणून हे वीस. लाटांच्या पाण्यात जाणार असाल तर आणखी ५ इंच. आमचा आकडा झाला २९ अधिक २० अधिक ५, म्हणजे ५४. आमच्याकडे होता ४२. तब्बल एक फूट कमी! शांत पाण्यात, पुढे वजन असताना तो कसाबसा चालून जात होता एवढंच.

पंखा पृष्ठभागाच्या जवळ आला की तो पाण्याबरोबर हवा खेचतो. हवेला ढकलून बोट पुढे जात नाही. मोटर जोरात फिरते, बॅटरी संपते, आवाजाने मासे पळतात आणि बोट तिथल्या तिथे. पॉवर ५५ पौंड असो की ११२, पंखा हवेत असेल तर ती शून्यच.

मोटर मागे लावायची असेल तरी सूत्र तेच. बोटीच्या मागच्या उभ्या फळीला ट्रान्सम म्हणतात. तिच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंत मोजायचं. अंतर १० इंचांपर्यंत असेल तर ३० इंची शाफ्ट, १६ इंचांपर्यंत असेल तर ३६ इंची, त्याच्या पुढे ४२ इंची. छोट्या, सपाट तळाच्या बोटीला म्हणूनच ३० इंची पुरतो आणि आमच्यासारख्या उंच नाकाच्या बोटीला ५४ लागतो. शेजाऱ्याच्या बोटीला काय लावलंय ते बघून आपली मोटर घेणं म्हणजे त्याच्या मापाचे बूट आपण घालणं!

मग सरळ सगळ्यात लांब घ्यायचा का?

तसंही नाही. फार लांब शाफ्ट उथळ पाण्यात दगडाला आपटतो, पाणवनस्पतींत अडकतो. पुढची मोटर वापरात नसताना डेकवर आडवी झोपवतात, तेव्हा लांब शाफ्ट डेकच्या बाहेर डोकावतो. मागच्या मोटरचा दांडा फार लांब असेल तर हँडल इतकं वर येतं, की हात दुखून येतात.

पण दोन मापांच्या मधे अडकलात तर मोठंच घ्या. कारण साधं आहे. लांब शाफ्ट कॉलर सैल करून वर घेता येतो, आखूड शाफ्ट ओढून लांब होत नाही. आणि जीपीएसने एका जागी बोट थांबवून ठेवणारी मोटर घेत असाल तर हे जास्तच महत्त्वाचं. तुम्ही गळावर लक्ष ठेवून असता, बोट सांभाळण्याचं काम ती एकटी करत असते. तिचा पंखा हवेत गेला तर कळेपर्यंत बोट भलतीकडे.

मोजायला निघालात? हे लक्षात ठेवा

* बोट ट्रेलरवर असताना मोजू नका. पाण्यात उतरवा, तेही शांत पाण्यात.

* बॅटरी, पेट्रोल, कूलर, सगळं सामान आणि सगळी माणसं आत हवीत. शिशाची एक डीप सायकल बॅटरीच २५-३० किलोंची असते आणि २४ व्होल्टच्या मोटरला अशा दोन लागतात.

* दोनदा मोजा. एकदा नेहमीच्या जागांवर बसून आणि एकदा मोटरच्या बाजूला कमीत कमी वजन ठेवून. मोठा आकडा खरा धरा.

* टेप सरळ खाली सोडा. बोटीच्या उताराला चिकटवून मोजाल तर आकडा फसवेल.

* मोटर असलेली बोट म्हटल्यावर मिनेसोटात रजिस्ट्रेशन हवंच, मग ती नुसती बॅटरीवरची का असेना. आणि प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट. आम्ही आता ते बोटीत ठेवत नाही, अंगात घालतो.

पुढच्याच आठवड्यात ४२ इंची मोटर घाट्यात विकली आणि ५४ इंची घेतली. बाबा परत जायच्या आधी त्यांना पुन्हा घेऊन गेलो. या वेळी बोटीत पाय ठेवल्यावर कुठे बसायचं, हे आम्ही नाही, त्यांनी सांगितलं. नागपूरकर आणि मी पुढे, चिपळूणकर इंजिनापाशी आणि ते स्वतः मधे. वारा त्या दिवशीही होता. मोटरचा आवाज मात्र शेवटपर्यंत बदलला नाही.

बाबांना एक वॉलाय मिळाला. फोटोत मासा छोटा आहे, हसू मोठं.

आता दर रविवारी दाभोळहून फोन येतो. आई विचारते, जेवलास का? बाबा विचारतात, “नाळेवर कोण बसलं होतं?”